ज्ञानकोशात जाणत्यांची जागा

मार्च १९९५मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट मिळाले. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली त्याला आव्हान दिले आणि १९९७मध्ये ते रद्द झाले. ही लढाई महाराष्ट्राला पाठ आहे. तिच्यातला एक तपशील मात्र सांगताना बहुधा गळतो. कापले-खरचटले की हळद दाबायची, हे रोजच्या वापरातून जाणणाऱ्या कोट्यवधी बायकांची साक्ष अमेरिकी कायद्याच्या लेखी पुरावाच नव्हती. अमेरिकेबाहेरचे पूर्वज्ञान धरायचे तर ते छापलेले हवे, असा तेव्हाचा दंडक होता. परिषदेने मग जुने ग्रंथ काढले, इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात १९५३ साली आलेला लेख पुढे केला आणि खटला जिंकला. म्हणजे हळदीच्या बाजूने छापील कागद उभा होता म्हणून ती वाचली. पुढे अमेरिकेने २०११च्या कायद्याने ही अट सैल केली आणि जगात कुठेही लोकांना उघडपणे उपलब्ध असलेले ज्ञान पेटंटच्या आड येऊ शकते हे मान्य केले. ज्ञानकोशांनी मात्र जवळपास तीच जुनी अट अजून धरून ठेवली आहे.

विकिपीडिया २००१मध्ये सुरू झाला, मराठी विकिपीडिया २००३मध्ये. आज एखादी जमात, एखादी वनस्पती, एखादा विधी याबद्दल कुणाला काही जाणून घ्यायचे असले तर पहिला हात तिथेच जातो. शोधयंत्रांच्या उत्तरांत तोच मजकूर दिसतो आणि संगणकाशी बोलून माहिती मिळवण्याच्या नव्या साधनांनाही त्याच मजकुरावर शिकवलेले असते. त्यामुळे तिथे जे नाही ते पुढच्या पिढीसाठी नसल्यात जमा होते, आणि तिथे जे चुकीचे आहे ते दहा ठिकाणी उमटते. आदिवासी ज्ञान या कोशांत फार कमी आहे, ही तक्रार आता जुनी झाली. ती खरीही आहे. पण तिच्यावर सुचवला जाणारा उपाय, म्हणजे आणखी लेख लिहा, आणखी कार्यशाळा घ्या, आणखी छायाचित्रे चढवा, हा मला अपुरा वाटतो. आदिवासींबद्दलचा मजकूर दुप्पट झाला तरी तो सांगणारा आदिवासी त्यात लेखक म्हणून नसेल, तर मूळ दोष तसाच राहील. जाणत्या माणसाला लेखकाचा दर्जा द्यायचा, म्हणजे त्याच्या नावाने संदर्भ द्यायचा, त्याच्या म्हणण्याची इतर कुणाही लेखकासारखी चिकित्सा करायची आणि न सांगण्याचा लेखकाचा हक्कही त्याला द्यायचा. या तिन्ही गोष्टी एकत्रच येतात. त्यातली एक तोडून घेतली की उरलेल्या दोन बिघडतात.

विकिपीडियाचे नियम दुष्टाव्याने केलेले नाहीत, हे आधीच सांगितले पाहिजे. मजकूर प्रकाशित स्रोतावरून पडताळता यावा, स्वतःचे संशोधन तिथे मांडू नये, आणि ज्या विषयाची स्वतंत्र प्रकाशनांनी दखल घेतली आहे त्यावरच लेख असावा, ही तीन बंधने आहेत. लिहिणारा कुणीही असू शकतो, त्याचे खरे नावही माहीत नसते, म्हणून वाचकाने विश्वास कशावर ठेवायचा याचे ते उत्तर आहे. या बंधनांमुळेच अफवा, जाहिराती आणि स्वस्तुती बऱ्याच अंशी रोखल्या गेल्या. पण २०११च्या जनगणनेनुसार देशात १० कोटी ४३ लाख आणि महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ५ लाख आदिवासी आहेत आणि त्यांच्या ज्ञानाचा फार मोठा भाग कधीच छापला गेलेला नाही. त्याच्यावर हे नियम कसे पडतात ते पाहायचे तर राहीबाई पोपेरे यांचे उदाहरण पुरेसे आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या, महादेव कोळी समाजातल्या राहीबाईंनी वाल, घेवडे, भात, भाज्या यांची गावठी बियाणी जपली, वाढवली, वाटली. बीबीसीने २०१८मध्ये जगातल्या शंभर महिलांत त्यांना गणले आणि २०२०मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. साहजिकच ज्ञानकोशात त्यांच्यावर लेख होऊ शकतो, कारण पुरस्काराच्या बातम्या छापून आल्या आहेत. पण कोणता वाल कोणत्या जमिनीत धरतो, कोणते बी किती दिवस टिकते, राखेत कसे ठेवायचे, कोणता दाणा पेरणीला काढायचा आणि कोणता भाजीला, हे त्या स्वतः सांगतात ते जसेच्या तसे संदर्भ म्हणून चालत नाही. एखाद्या कृषी पत्रिकेत कुणी दुसऱ्याने ते लिहिले तर चालते. त्यांच्या सन्मानाला पुरावा आहे. ज्या कामासाठी सन्मान झाला त्या कामातल्या ज्ञानाला नाही.

मग छापलेले काय आहे? महाराष्ट्रातल्या जमातींबद्दल इंग्रजीत सर्वात सहज सापडणारी पुस्तके म्हणजे रसेल आणि हिरालाल यांचे मध्य प्रांतातील जातिजमातींवरचे १९१६चे चार खंड आणि एन्थोवेनचे मुंबई इलाख्यावरचे १९२० ते १९२२मधले तीन खंड. ती स्वामित्वहक्कातून मुक्त झालेली आहेत, जालावर फुकट आहेत, म्हणून उतरवून घ्यायला सोपी आहेत. ती लिहिली गेली तेव्हा १८७१पासून चालत आलेला गुन्हेगार जमाती कायदा जोरात होता आणि अख्ख्या समाजांना जन्मतः चोर ठरवणारे शासन तेच होते. फासेपारध्यांना माळरानावरच्या पाखरांच्या सवयी, विणीचा काळ, पाण्यावर उतरण्याच्या वेळा किती बारकाईने ठाऊक असतात, हे त्या पानांत फार तर शिकारीच्या युक्त्या म्हणून येते. इंग्रजी विकिपीडियाच्या अनुभवी संपादकांनी भारतीय जातिजमातींच्या लेखांत ब्रिटिश अमदानीतले असे स्रोत बहुतांशी नाकारायला सुरुवात केली, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. पण त्या रिकाम्या जागी बसवायला दुसरे छापील फारसे नसते, त्यामुळे लेख एकतर आक्रसतो नाहीतर जुनेच नाव बदलून परत येते. आपल्या मराठी विश्वकोशाचे वीसही खंड आज जालावर वाचता येतात आणि त्यांतल्या जमातींवरच्या नोंदी कष्टाने लिहिलेल्या आहेत. पण त्यांच्या खालच्या संदर्भग्रंथांतही एन्थोवेन आणि रसेल-हिरालाल यांची गाठ वारंवार पडते. १९४५ साली वारल्यांवर के. जे. सावे यांचे इंग्रजी पुस्तक निघाले, आणि त्याच वर्षी वेठबिगारी आणि लग्नाच्या कर्जापायी राबवून घेणाऱ्या लग्नगडी पद्धतीविरुद्ध वारल्यांचा उठाव झाला. उठावाची हकिगत आपल्याला गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’मुळे कळते. तो ग्रंथ थोर आहे आणि वारल्यांच्या बाजूने उभा आहे. तरीही ज्या वर्षात त्या समाजाने स्वतःचे नशीब हातात घेतले, त्या वर्षाचे दोन्ही मोठे दस्तऐवज बाहेरच्यांच्या हातचे आहेत.

वारली चित्रकलेकडे जरा जवळून पाहू, कारण या विषयावर जालावर मजकुराची वाण नाही आणि तरीही दोष ठसठशीत दिसतो. वर्तुळ आणि त्रिकोण यांतून बनलेली माणसे, तारप्याभोवतीचा फेर, गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, एवढे वर्णन प्रत्येक ठिकाणी आहे. या कलेचे वय कुठे दहाव्या शतकात नेलेले असते तर कुठे थेट इसवी सनापूर्वी अडीच-तीन हजार वर्षांमागे. कुणा अभ्यासकाने तर्क म्हणून लिहिलेली गोष्ट छापील होती म्हणून कोशात गेली, तिथून वर्तमानपत्रात गेली आणि आता ते वर्तमानपत्र कोशाचा पुरावा झाले आहे. उलट, कुठल्याही वारली पाड्यावर जाणती बाई जे पहिल्यांदा सांगेल ते बहुधा लेखाच्या तळाशी असते, किंवा नसतेच. हा चौक लग्नाचा आहे. तो सवाशिणी काढतात. चौकाच्या आत पालघट देवी असते आणि तो काढल्याशिवाय लग्न लागत नाही. काढताना गाणी म्हटली जातात आणि लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे पौरोहित्य करणारीही बाईच असते. कोणती रेघ आधी, कोणती नंतर, कोणते रूप कुणी काढायचे नाही, हे त्या गाण्यांबरोबर चालत आलेले शास्त्र आहे. १९७०च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या पुढाकाराने ही चित्रे कागदावर आणि मग बाजारात आली. जिव्या सोमा मशे यांच्यासारख्या विलक्षण प्रतिभेच्या चित्रकाराने त्यांना नवे आयुष्य दिले आणि २०११मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मशे यांचे मोठेपण वादातीत आहे. पण प्रदर्शने, पुरस्कार आणि बातम्या सगळ्या पुरुष चित्रकारांकडे वळल्याने छापील पुरावाही तिकडेच जमला, आणि पुराव्यामागून चालणाऱ्या ज्ञानकोशाने बायकांच्या विधीला एका पुरुषी कलाशैलीची पार्श्वभूमी करून टाकले. यात कुणा संपादकाची वाईट बुद्धी नव्हती. नियम काटेकोर पाळला म्हणूनच हे झाले.

या कोंडीवर तोड काढण्याचा एक गंभीर प्रयत्न भारतातूनच झाला. अचल प्रभला यांनी २०११मध्ये विकिमीडिया फाउंडेशनच्या अर्थसाहाय्याने मल्याळम, हिंदी आणि दक्षिण आफ्रिकेतील सेपेडी या तीन भाषांत मौखिक संदर्भांचा प्रयोग केला. गावातले खेळ, विधी, पेये असे विषय घेतले, जाणत्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या, त्या मुक्त संग्रहात ठेवल्या आणि लेखातल्या वाक्यांना तळटीप म्हणून जोडल्या. वाचकाने टीप उघडली की त्याला माणसाचा आवाज ऐकू येई. केरळात मुले खेळतात तो खेळ छापील पुराव्याअभावी कोशात बसत नाही, हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता. पण इंग्रजी विकिपीडियाने ही पद्धत सरसकट स्वीकारली नाही. आक्षेप असा की मुलाखत घेणारा संपादकच असेल तर ते त्याचे स्वतःचे संशोधन झाले आणि एका माणसाचे म्हणणे म्हणजे एका माणसाचे म्हणणे, त्याला कोणी तपासलेले नाही. हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. प्रयोगात ध्वनिमुद्रण होते, पण ते कुणी, कुठल्या पद्धतीने तपासायचे याची वहिवाट तयार झालेली नव्हती. तिथेच काम थांबले, आणि इतक्या वर्षांनंतरही ते फारसे पुढे गेलेले नाही.

अशी वहिवाट घालता येतच नाही, असे मात्र कुणी म्हणू नये. जिथे चुकीची किंमत ज्ञानकोशापेक्षा कितीतरी जास्त असते तिथे, म्हणजे न्यायालयांत, ती घातली गेली आहे. कॅनडातल्या गिटक्सन आणि वेट्सुवेटेन या आदिवासी राष्ट्रांनी आपल्या भूमीवरचा हक्क सांगताना पिढीजात आख्याने आणि गीते पुरावा म्हणून मांडली. खालच्या न्यायालयात एका वृद्धेने आपल्या घराण्याचे गीत म्हणायला घेतले तेव्हा, आपल्याला गाण्याचा कान नाही, असे न्यायाधीश म्हणाले आणि १९९१च्या निकालात त्यांनी त्या आख्यानांना जवळजवळ काहीच वजन दिले नाही. डिसेंबर १९९७मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि मौखिक इतिहासाला लेखी दस्तऐवजाच्या बरोबरीने तोलले पाहिजे असे ठरवले. यामागे केवळ दयाबुद्धी नव्हती. गिटक्सनांची आख्याने भर मेजवानीत, इतर घराण्यांच्या साक्षीने सांगितली जातात. चूक झाली तर ऐकणारा तिथेच हरकत घेऊ शकतो. तपासणीची रीत समाजातच होती, न्यायालयाने तिची दखल घ्यायची बाकी होती. आपल्याकडे वनहक्क कायद्याच्या नियमांत हेच अधिक साध्या शब्दांत आहे. दावेदाराव्यतिरिक्त अन्य वडीलधाऱ्यांचे म्हणणे लिहून घेतले तर ते पुरावा म्हणून धरले जाते, देवस्थाने, स्मशाने, जुनी झाडे, विहिरी यांच्या खुणाही धरल्या जातात, आणि एकापेक्षा जास्त प्रकारचे पुरावे पाहूनच निर्णय घ्यावा असे बंधन आहे. याच कायद्याखाली गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. जंगलावरचा हक्क ठरवायला जी साक्ष पुरते, ती त्याच जंगलातल्या कंदाविषयी दोन वाक्ये लिहायला अपुरी कशी, याचे समाधानकारक उत्तर मला सापडत नाही.

मौखिक ज्ञान कालांतराने विरून जाते, त्यात भर पडते, हा दुसरा आक्षेप. पडतेही. पण ते पारखण्याचे शास्त्र आहे. इतिहासकार यान व्हान्सिना यांनी आफ्रिकी मौखिक परंपरांच्या अभ्यासातून १९६१मध्येच त्याची पायाभरणी केली. इंडोनेशियातल्या सिमेउलुए बेटावर १९०७ साली त्सुनामी आली होती. जमीन हलली आणि समुद्र मागे हटला की डोंगराकडे पळायचे, ही शिकवण तिथल्या लोकांनी ‘स्मोंग’ या नावाने गाण्यांत आणि आजीच्या गोष्टींत जपली. डिसेंबर २००४च्या त्सुनामीत भूकंपाचे केंद्र अगदी जवळ असूनही त्या बेटावर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसे दगावली, आणि समोरच्या आचे किनाऱ्यावर लाखावर. मौखिक ज्ञान बरोबरच असते असा याचा अर्थ नाही. ते तपासता येते, एवढाच आहे, आणि कोशाला तेवढेच हवे असते.

तिसरा आक्षेप मला सर्वात जड वाटतो. हे दार उघडले की जातीच्या वंशावळ्या, गावोगावच्या दंतकथा आणि रामबाण औषधे आत घुसतील. मराठी जालावर जातीय अभिमानाचा मजकूर किती आक्रमक असतो हे जाणणाऱ्याला ही भीती अवाजवी वाटणार नाही. सर्पदंशाचा प्रश्न तर जिवाचा आहे. अमुक मुळी उगाळून लावली की विष उतरते, असे कुणी भगत सांगतो म्हणून कोशाने तसे लिहिले आणि कुणी दवाखान्यात पोहोचायला उशीर केला, तर ते पाप कोशाचे. इथे लेखकाचा दर्जा म्हणजे काय ते नीट पाहिले पाहिजे. लेखक मानला म्हणजे त्याचे वाक्य वेदवाक्य मानले असे नाही. अमुक गावचे अमुक वैदू अमुक साली असे सांगतात, हे विधान त्यांच्या नावाने करता येते. त्याने विष उतरते, हे विधान कोश स्वतःच्या तोंडाने करतो आणि त्याला वैद्यकाची कसोटी लागते, मग सांगणारा वैदू असो की नामवंत प्राध्यापक. आज होते ते उलटे. वैदूचे नाव गळते, तो ‘स्थानिक लोक’ होतो, आणि दावा मात्र ‘पारंपरिक औषध म्हणून उपयुक्त’ अशा निनावी, गुळगुळीत वाक्यात राहून जातो. शंका घ्यायची तर कुणावर घ्यायची हेच कळत नाही. नाव आले की जबाबदारी येते, दुसरा जाणता तिथे हरकत घेऊ शकतो, दोन पाड्यांतला मतभेद दिसू लागतो. जातीच्या वंशावळीलाही हेच लागू आहे. अमुक घराण्याची परंपरा असे सांगते, असे म्हणून ती जागच्या जागी राहते. इतिहास म्हणून ती पुढे सरकू शकत नाही.

इथवर सांगण्याच्या हक्काचे झाले. न सांगण्याच्या हक्काला मुक्त ज्ञानाच्या कार्यकर्त्यांकडून जास्त विरोध होतो, आणि तो प्रामाणिक विरोध आहे. ज्ञान कुणाच्या कुलुपात नसावे, या भावनेतून तर ही सगळी चळवळ उभी राहिली. पण विकिपीडियावर गेलेला मजकूर मुक्त परवान्याखाली जातो. जगात कुणीही तो घ्यावा, बदलावा, विकावा आणि एकदा दिला की परत मागू नये, असा तो करार आहे. विद्यापीठातला प्राध्यापक काय छापायचे आणि काय टिपणवहीत ठेवायचे हे स्वतः ठरवतो, आणि त्याला कोणी ज्ञानाचा शत्रू म्हणत नाही. मग ज्या समाजात एखादी गोष्ट फक्त बायकांनी, फक्त दीक्षा घेतलेल्यांनी किंवा फक्त सुगीनंतरच बोलायची असते, त्या समाजाचा तोच निर्णय सेन्सॉरशिप का ठरावा? ऑस्ट्रेलियातल्या टेनंट क्रीक इथल्या वारुमुंगू लोकांबरोबर काम करताना किम ख्रिस्टन यांनी मुकुर्तू नावाची संग्रहप्रणाली उभी केली, ती नेमकी यासाठी. कोणते छायाचित्र कुणी पाहायचे हे तिथे नात्यागोत्याच्या आणि स्त्री-पुरुषांच्या रीतीनुसार ठरवता येते.

अमेरिकेतल्या पॅसामाक्वॉडी लोकांची हकिगत आणखी बोलकी आहे. मार्च १८९०मध्ये जेसी वॉल्टर फ्यूक्स हे मेन राज्यातल्या कॅलेस गावी मेणाच्या नळकांड्यांवर आवाज टिपणारे यंत्र घेऊन गेले आणि त्यांनी तिथली गाणी आणि कथा टिपल्या. प्रत्यक्ष लोकांत जाऊन केलेली ही जगातली सर्वात जुनी ध्वनिमुद्रणे मानली जातात. ती आधी संग्रहालयात आणि मग लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये गेली, आणि ज्यांच्या पणज्या-खापरपणज्यांचे ते आवाज होते त्यांना त्यांचा पत्ताही नव्हता किंवा त्यावर बोलायचा अधिकार नव्हता. शतकाहून जास्त काळ सूचीत फ्यूक्सचे नाव होते. २०१८मध्ये लायब्ररीने ती समाजाच्या सहभागाने पुन्हा मांडली: शीर्षके त्यांच्या भाषेत, अर्थ त्यांनी लावलेला, आणि प्रत्येक नोंदीवर समाजानेच लावलेली चिठ्ठी, की ही गोष्ट कशी वागवायची, ती शिकवायला वापरा, ती विकायची नाही. कायद्याने त्या चिठ्ठीला फारसे दात नाहीत. तरी वाचकाला पहिल्यांदाच कळते की हा ऐवज कुणाचा आहे आणि मालकाची इच्छा काय आहे. ज्ञानकोशांच्या नोंदींना अशा चिठ्ठ्या जोडणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. अडचण आहे ती फक्त एवढ्या एका तत्त्वाची, की सगळ्यांना सगळे सारखेच खुले असले पाहिजे.

भारतात या प्रश्नाला औषधी वनस्पतींमुळे पैशाची बाजू आहे. केरळातल्या अगस्त्य पर्वतात १९८७मध्ये कानी वाटाड्यांनी शास्त्रज्ञांना थकवा घालवणारी आरोग्यपच्चा ही वनस्पती दाखवली. तिच्यातून ‘जीवनी’ हे औषध निघाले आणि परवाना शुल्काचा आणि स्वामित्वशुल्काचा निम्मा वाटा कानींना देण्याचे ठरले. लाभवाटणीचा आदर्श म्हणून हे उदाहरण जगभर सांगितले जाते. पण हे बाहेर सांगायला नको होते, असे कानींच्या काही वैदूंचे म्हणणे होते, ते सहसा सांगितले जात नाही. चोरी रोखण्यासाठी २००१मध्ये सुरू झालेले पारंपरिक ज्ञानाचे सरकारी अंकीय ग्रंथालय मोठ्या कामाचे ठरले, पण ते आयुर्वेद, युनानी, सिद्ध अशा ग्रंथबद्ध शास्त्रांचे आहे. मौखिक ज्ञान त्यात नाही. जैवविविधता कायद्यातल्या २०२३च्या दुरुस्तीनेही ग्रंथबद्ध ज्ञानाला वेगळे काढले आणि ते वापरणाऱ्यांना लाभवाटणीतून सूट दिली. गावोगावी करायच्या लोकजैवविविधता नोंदवह्या ही मौखिक ज्ञानासाठीची खरी जागा होती, आणि परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांच्या मनात ती गावानेच करायची वही होती. राष्ट्रीय हरित लवादाने मुदत घालून दिल्यावर मात्र त्या भराभर पुऱ्या करण्याची घाई झाली. एका गावची यादी दुसऱ्या गावात उतरवून घेतलेली वही कोशाला पुरावा म्हणून निरुपयोगी आहे, आणि गावालाही.

भाषेबद्दल थोडक्यात. आदिवासी भाषांत स्वतंत्र विकिपीडिया काढले की झाले, असे वाटणे साहजिक आहे, आणि ओल चिकी लिपीतला संताळी विकिपीडिया २०१८मध्ये सुरू झाला ही आनंदाची गोष्ट आहे. संताळीला २००३पासून आठव्या अनुसूचीचा आधार आहे आणि रघुनाथ मुर्मू यांनी १९२५मध्ये दिलेली लिपी आहे. भिलीला २०११च्या जनगणनेत १ कोटी ४ लाखांवर भाषक आहेत आणि अनुसूचीत जागा नाही. अनुसूचीत असलेली संस्कृत मातृभाषा म्हणून सांगणारे त्याच जनगणनेत २४,८२१ होते. पण बोलणाऱ्यांशिवाय कोश वाढवला तर काय होते तेही समोर आहे. स्कॉट्स भाषेतल्या विकिपीडियाचे हजारो लेख ती भाषा न येणाऱ्या एका अमेरिकी किशोराने लिहिले होते हे २०२०मध्ये उघड झाले. ग्रीनलँडच्या भाषेतला विकिपीडिया यंत्राने केलेल्या सदोष भाषांतरांनी भरला आणि २०२५मध्ये तो बंद करायचे ठरले. कोरकू किंवा माडियामध्ये यंत्राच्या हाताने पाने भरण्याचा मोह आज कुणालाही होऊ शकेल. तो टाळलाच पाहिजे, कारण ज्या भाषेत छापील मजकूर थोडा असतो तिथे खोटा मजकूर खऱ्याला चटकन गिळतो.

समाज म्हणजे नेमके कोण, हा प्रश्न या सगळ्यात सारखा डोके वर काढतो. ग्रामसभेच्या नावाने दोन पुढारी बोलतात, बायकांचे ज्ञान पुरुष सांगतात, शिकलेला तरुण म्हाताऱ्यांना बाजूला सारतो. हा धोका खरा आहे, आणि वारली चौकाचे जे झाले ते काही अंशी असेच झाले. पण त्याच्यावरचा इलाज समाजाला न विचारणे हा नव्हे. न्यूझीलंडच्या ‘ते आरा’ या सरकारी जालकोशाने २००५मध्ये सुरुवातीच्याच नोंदींत माओरी जमाती घेतल्या, इंग्रजी आणि माओरी दोन्ही भाषांत, आणि जमातींवरच्या नोंदी मुख्यतः त्या त्या जमातीच्या माणसांकडून लिहवून घेतल्या. नोंदीवर लेखकाचे नाव आहे. म्हणजे ते मत कुणाचे ते दिसते आणि दुसऱ्याला वेगळे म्हणता येते.

विकिपीडिया स्वयंसेवकांच्या संमतीने चालतो, त्याचे नियम मुंबई-पुण्यातून बदलणार नाहीत. पण मराठीत एक कोश असा आहे ज्याला हे उद्यापासून करता येईल. मराठी विश्वकोश सरकारी आहे, जालावर आहे, नोंदींवर लेखकाचे नाव छापण्याची त्याची परंपरा आहे आणि विषयवार ज्ञानमंडळांमार्फत तो नव्या नोंदी करवून घेतो. विश्वकोशाने छापलेली नोंद विकिपीडियालाही प्रकाशित स्रोत म्हणून चालते, त्यामुळे इथे उघडलेली वाट तिकडे आपोआप पोहोचते. पालघर, नंदुरबार, मेळघाट, गडचिरोली इथल्या ग्रामसभांशी बोलून, वनहक्काच्या दाव्यांसाठी जशी वडीलधाऱ्यांची निवेदने घेतात तशी ती घ्यावीत. किमान दोन स्वतंत्र सांगणारे असावेत, बायकांच्या विषयावर बायकांचे म्हणणे बायकांनीच घ्यावे, ध्वनिमुद्रण गावाजवळ राहावे आणि त्यातले काय कोशात जायचे ते सांगणाऱ्याला वाचून दाखवून ठरावे. नोंदीखाली अभ्यासकाच्या नावाआधी सांगणाऱ्याचे नाव यावे. नाव नको असेल तर तीही इच्छा पाळावी. आणि नोंद लिहिणाऱ्या प्राध्यापकाला जे मानधन मिळते तेवढेच, त्याच महिन्यात, जिच्याकडून ते ज्ञान आले त्या बाईच्या बँक खात्यात जमा व्हावे.